सांडलेला उजेड

मराठीत 'सांडणं' हे बहुधा नुकसानीचं क्रियापद. दूध सांडतं, तेल सांडतं, आणि सांडणाऱ्याकडे घरातल्या सगळ्यांचे डोळे वळतात. अपवाद चांदण्याचा. चांदणं सांडलं म्हणून कुणी फडकं घेऊन धावत नाही. उजेड कितीही सांडला तरी कुणाचं काही बिघडत नाही, अशी आपली एक जुनी समजूत त्या अपवादात दडलेली आहे. गाझियाबादच्या इंदिरापुरममध्ये आठव्या मजल्यावर राहताना ही समजूत तपासून पाहायची वेळ आली, ती आमच्या बैठकीतल्या चार फुटी समुद्रामुळे.

खरा समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. इथला समुद्र बादलीत तयार होतो. आरओच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार बसतील इतकं समुद्री मीठ विरघळवायचं, तापमान 25-26 अंशांवर ठेवायचं, आणि मे-जूनमध्ये वीज गेली की माशांना हवा पुरवणारा बॅटरीचा पंप लावायचा. हा सगळा खटाटोप मुलाचा. टाकीत क्लाउनफिशची जोडी आहे, हॅलिकोरिस जातीचा एक पिवळा रॅस आहे, खडकांवर शर्टाच्या गुंड्यांसारखे झोअँथिड आहेत आणि मशरूम म्हणून ओळखले जाणारे चपटे, मऊ जीव आहेत. खडक बांधणारे कठीण प्रवाळ मात्र नाहीत. 2001 साली ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पायथ्याशी मुखवटा लावून पाण्यात डोकं घातलं की ते दिसतात. त्यांनी तिथंच राहावं, हे आमच्या घरात आधीच ठरलेलं.

या जीवांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि ते उजेडावर अन्न तयार करून यजमानाला वाटा देतं. समुद्राचं पाणी तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच गिळून टाकतं. खोलवर पोचतो तो निळा. म्हणून टाकीवरच्या दिव्यात 450 नॅनोमीटरच्या आसपासचे निळे एलईडी भरलेले असतात. त्या उजेडात झोअँथिड हिरवे-केशरी चमकतात. पाहुणे हरखतात. मुलगा कॉलेजातून उशिरा येतो, म्हणून दिवा दुपारी लागायचा आणि रात्री अकराला विझायचा.

आमच्या बैठकीची एक खिडकी डक्टवर उघडते. समोर, पंधराएक फुटांवर, दुसऱ्या घराच्या निजायच्या खोलीची खिडकी. तिथं राहणाऱ्या आजींना सगळी सोसायटी अम्माजी म्हणते. एकदा लिफ्टमध्ये त्यांनी मुलाला विचारलं, "बेटा, तुम्हारी मछलियाँ सोती कब हैं?"

तक्रार असावी तर अशी. त्या नऊला आडव्या होतात. खिडकी बंद केली की त्यांना कोंडल्यासारखं होतं, जाड पडदा लावला की वारा अडतो. उघड्या खिडकीतून निळा उजेड भिंतीवर येतो, आणि भिंतीकडे तोंड केलं तरी तो डोळ्यांपुढे राहतो, एवढंच त्यांनी सांगितलं.

मुलानं फोनवरच्या मापकानं खिडकीपाशी उजेड मोजला. आकडा अगदीच किरकोळ आला. पायऱ्यांवरचा दिवा त्याहून कितीतरी जास्त दाखवत होता. पण लक्स हे एकक मुळात दिवसाच्या डोळ्याच्या हिशेबानं बांधलेलं आहे. भर उजेडात आपला डोळा हिरवट-पिवळ्या रंगाला सर्वांत तेज असतो. ते तेज शंभर धरलं तर 450 नॅनोमीटरच्या निळ्याला जेमतेम चार गुण मिळतात. अंधाराला सरावलेला डोळा वेगळ्या पेशींनी पाहतो. त्याच्या शंभरांत याच निळ्याला पंचेचाळीसच्या आसपास गुण असतात. तिन्हीसांजेला अंगणातली लाल जास्वंद काळवंडते आणि शेजारची निळी गोकर्ण उठून दिसते, ती यामुळेच. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात हे टिपलं आणि त्याचं नाव या परिणामाला चिकटलं. शिवाय डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशाही आहेत, ज्या चित्र पाहण्यापेक्षा दिवस आहे की रात्र याची वर्दी शरीराला देण्याचं काम करतात. त्यांतलं मेलानोप्सिन 480 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळ्यालाच, सर्वाधिक दाद देतं. फोन दिवसाच्या डोळ्यानं मोजत होता आणि अम्माजी रात्रीच्या डोळ्यानं पाहत होत्या. दोघंही खरं बोलत होते. फक्त झोपायचं होतं ते अम्माजींना.

मग उजेड गळतो कुठून, याचा शोध सुरू झाला. मला वाटत होतं, चारही बाजूंना काच, तेव्हा काचेतूनच गळत असणार. मुलानं वहीत रेघा मारून दाखवलं. वरून पाण्यात शिरणारा किरण आत वळतो आणि उभ्या काचेवर इतका तिरका आपटतो की बहुतेक वेळा तो बाहेर न पडता पुन्हा पाण्यातच परततो. काचेतून आपल्याला दिसतो तो खडक, वाळू आणि मासे यांच्यावरून विखुरलेला मंद उजेड. खरी गळती वर होती, दिवा आणि पाणी यांच्यामधल्या फूटभर मोकळ्या जागेत. तिथून एलईडींचे नागडे ठिपके थेट खिडकीत दिसत, आणि उरलेला उजेड पांढऱ्या छतावर आदळून खोलीभर पसरे.

उपाय साधे निघाले. दिवा फुटावरून आठ इंचांवर उतरवला. त्याच्या तीन बाजूंना काळ्या अ‍ॅक्रिलिकच्या पट्ट्या लावल्या. वर दोन बोटं फट ठेवली, कारण दिव्याची उष्णता बाहेर पडली पाहिजे आणि पाण्याच्या पृष्ठभागाला हवाही लागली पाहिजे. डक्टच्या बाजूची पट्टी काचेच्या काठाखाली चार बोटं उतरेल इतकी लांब कापली. टाकीच्या मागच्या काचेला काळा कागद डकवला. अ‍ॅक्रिलिक मी धरलं आणि मुलानं करवतीनं कापलं. दोन रविवार गेले.

वेळापत्रक बदलणं त्याला जास्त जड गेलं. दिवा आता सकाळी दहाला लागतो आणि साडेआठपर्यंत मावळतो. म्हणजे तो घरी येतो तेव्हा टाकीचा चमकता प्रहर बहुतेक संपलेला असतो. ज्याच्यासाठी एवढा खर्च आणि एवढी राखण केली, ते बघायची वेळच त्यानं सोडून दिली. मला या सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हेच. पट्ट्या काय, पैसे देऊन कुणीही लावून घेतं.

दिवा खाली आला तशी तीव्रताही कमी करावी लागली. सांडून जाणारा उजेड आता पाण्यातच पडू लागला होता, आणि उजेड फाजील झाला की हे जीव आपल्यातलं शैवाल बाहेर टाकून पांढरे पडतात. म्हणून आधी दिवा बराच मंद केला आणि दोन-तीन आठवडे झोअँथिडांची तोंडं बघत हळूहळू वाढवला. तरीही तो पूर्वीच्या आकड्यावर न्यावा लागलाच नाही. टाकीचं काही कमी झालं नाही, विजेचं बिल मात्र थोडं उतरलं.

घराबाहेरच्या समुद्रात हाच प्रश्न फार मोठा आहे. पुष्कळ जातींचे प्रवाळ वर्षातून मोजक्या रात्री, पौर्णिमेनंतर काही दिवसांनी, आपली बीजं एकाच वेळी पाण्यात सोडतात. पौर्णिमा उलटली की चंद्र रोज उशिरा उगवतो. सूर्यास्त आणि चंद्रोदय यांच्यामध्ये अंधाराचा एक तुकडा तयार होतो, आणि तो तुकडा ही त्यांची खूण असते. किनाऱ्यावरच्या दिव्यांनी तो भरून निघाला की खूण चुकते. उजेड पडणाऱ्या ठिकाणचे प्रवाळ एक ते तीन दिवस आधीच, पौर्णिमेच्या जवळ, बीजं सोडतात, असं 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. जोडीदार एका रात्री आणि आपण दुसऱ्या रात्री, असं झालं तर लग्न लागायचं कसं? इकडे आपल्या विदर्भातल्या पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. अंधारही राखावा लागतो, त्यालाही कुंपण लागतं, ही कल्पना आपल्याकडे आता कुठे रुजते आहे.

गाझियाबादचं आकाश काही आमच्या तीन पट्ट्यांनी काळं होणार नाही. हमरस्त्याचे दिवे आहेत, मॉलचे फलक आहेत, बांधकामांवरचे झोत रात्रभर जळतात. पण त्यांतला एकही उजेड अम्माजींच्या भिंतीपर्यंत पोचत नव्हता. आमचा पोचत होता. शहराचा अंधार कुणा एकाचा नसतो, पण पंधरा फुटांच्या डक्टमधला अंधार दोनच घरांचा असतो, आणि त्याचा हिशेब त्या दोघांनाच करता येतो.

अम्माजींच्या प्रश्नाचं उत्तर मुलानं पुढे टाकीसमोर बसून शोधलं. पिवळा रॅस दिवा मावळायची वाट बघत नाही. सव्वाआठच्या सुमारास तो एका ठरलेल्या कोपऱ्यात जातो, अंग वाकडं करतो आणि क्षणात वाळूत शिरतो. वर थोडी वाळू उडते, खाली बसते. दिवा अजून चालूच असतो.