वाटी, तोफ आणि पाना

नगर जिल्ह्यातल्या कर्जतच्या आमच्या घरात आजीची काशाची वाटी अजून आहे. उन्हाळ्यात रानातून आलेल्या माणसाचे तळपाय जळजळायला लागले की आजी त्यांना खोबरेल चोपडायची आणि या वाटीच्या बुडानं घासत बसायची. तेल हळूहळू काळं पडायचं. ‘बघ, उष्णता निघाली,’ असं ती म्हणायची. ती काजळी म्हणजे तेलातली आम्लं आणि तांबं यांची करणी, हे मला पुढे पुस्तकातून कळलं. डोळ्यांतली आग उतरायची, ते मात्र आजीच्या हातातून कळलं होतं आणि ते आजही खरं वाटतं.

कासं म्हणजे ढोबळमानानं ऐंशी भाग तांबं आणि वीस भाग कथील. विजापूरच्या बुरुजावर बसलेली मुलूखमैदान तोफही जवळजवळ याच मिश्रणाची आहे, हे वाचलं त्या दिवशी मी ती वाटी हातात घेऊन बराच वेळ बसलो होतो. ही तोफ मूळची विजापूरची नव्हे, आपल्या नगरची. महंमद बिन हुसेन रूमी या ओतारी उस्तादानं १५४९ साली, निजामशाहीच्या काळात, ती नगरला ओतली. वजन सुमारे ५५ टन आणि लांबी साडेचौदा फूट. तोंडाशी सिंहाचा जबडा कोरलेला आणि त्या जबड्यात चिरडला जाणारा हत्ती. इंग्रजांनी १८५४ साली तिचा लिलाव केला तेव्हा बोली लागली १५० रुपये. तो सौदा पुढे रद्द झाला, म्हणून ती आज जागेवर आहे. एकाच धातूतून नगरच्या मातीत तोफ झाली आणि कुणा तांबटाच्या हाती आजीची वाटी झाली. लढाईची वस्तू आणि घरातली वस्तू यांच्यात मला लहानपणापासून जे नातं दिसत आलं, त्याची सुरुवात मी इथून धरतो.

ते नातं मला खऱ्या अर्थानं शिकवलं आमच्या तात्यांनी, माझ्या थोरल्या चुलत्यांनी. ते फौजेत ईएमईमध्ये होते, म्हणजे तोफा, टँक, गाड्या, वायरलेस दुरुस्त करणाऱ्या दलात. ‘कर्म ही धर्म’ हे त्या दलाचं ब्रीद. पेन्शन घेऊन गावी आले ते मनगटावर एचएमटीचं ‘जवान’ घड्याळ आणि हातात गोळ्यांची एक रिकामी लोखंडी पेटी घेऊन. त्या पेटीत पाने, पकडी, फीलर गेज, सोल्डरिंगची काडी, तांब्याच्या तारेची बंडलं. गल्लीतला मिक्सर, विहिरीवरची मोटर, देवळातला भोंगा, कुणाची शिलाई मशीन, सगळं त्यांच्या ओट्यावर यायचं. कोणतीही नवी वस्तू त्यांच्या पुढ्यात ठेवली की ते किंमत विचारत नसत, कंपनीही विचारत नसत. वस्तू उलटी करायचे आणि म्हणायचे, ‘लेका, ह्याचे स्क्रू कुठंत, ते आधी दाव.’

शाळेत असताना त्यांनी मला एकदा नगरचं रणगाडा संग्रहालय दाखवायला नेलं. कर्जतहून नगर पाऊणशे किलोमीटर. एसटीनं मिरजगावला आलं की सोलापूर–नगर रस्ता लागतो, आणि त्या रस्त्यावर हिरव्या रंगाचे लष्करी ट्रक रांगेनं दिसले की पोरं हात हलवायची. संग्रहालय १९९४ साली उघडलं, आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूलच्या माणसांनी उभं केलं. झाडांच्या सावलीत चर्चिल, मटिल्डा, व्हॅलेंटाइन, शेर्मन, जपानी आणि जर्मन गाड्या, रोल्स रॉइसच्या सिल्व्हर घोस्ट मोटारीवर पोलाद चढवून केलेली चिलखती गाडी. मी तोफांची तोंडं बघत हिंडत होतो. तात्या मात्र प्रत्येक टँकच्या मागच्या बाजूला जायचे, इंजिनाची झाकणं बघायचे.

सेंच्युरियनपाशी ते थांबले. त्याच्या इंजिनाचं नाव मीटिअर. स्पिटफायर विमानात जे मर्लिन इंजिन बसायचं, त्याचंच हे जमिनीवरचं भावंड. मग त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी अजून विसरलो नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज टँकवाले चहा करायला खाली उतरायचे आणि तेवढ्यात मारले जायचे. म्हणून सेंच्युरियनपासून इंग्रजांनी टँकच्या पोटातच पाणी उकळायचं विजेचं भांडं बसवलं. पन्नास टनांच्या पोलादी यंत्रात चहाच्या पाण्याची सोय! पण तात्यांना त्यात नवल वाटत नव्हतं. आत बसणाऱ्या माणसाला काय लागतं, हे बनवणाऱ्यानं विचारलं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

पुढे पॅटन. १९६५ च्या सप्टेंबरात, ८ ते १० तारखेला, पंजाबातल्या असल उत्तरला हे अमेरिकन टँक पाकिस्तानकडून आले. त्या काळातलं भारी यंत्र. नेम धरायला आणि अंतर मोजायला आत गुंतागुंतीची साधनं. आपले सेंच्युरियन वयानं मोठे, साधनं साधी, पण आतल्या माणसांना ती पाठ होती. रानात पाणी सोडलेलं, उभा ऊस आणि उसात दबा धरलेली आपली माणसं. काळ्या रानात पावसाळ्यात रुतलेला ट्रॅक्टर ज्यानं एकदा ओढून काढलाय, त्याला त्या पॅटनचं काय झालं असेल हे सांगावं लागणार नाही. ९७ च्या आसपास पाकिस्तानी टँक तिथं फुटले किंवा सोडून दिले गेले. भारी यंत्र आणि हाताखाली मुरलेलं यंत्र यांच्यातला फरक त्या चिखलात कळला, असं अनेक लष्करी जाणकारांनी मांडलं आहे, आणि मला ते पटतं. अब्दुल हमीद तिथंच लढले. एका उघड्या जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या तोफेनं त्यांनी टँक फोडले आणि १० सप्टेंबरला वीरमरण पत्करलं. त्यांना परमवीर चक्र मिळालं.

ती जीप म्हणजे आपल्या अगदी ओळखीची. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलीज जीप जुळवायला घेतली. तिच्याच वंशातल्या गाड्या पुढे काळ्या-पिवळ्या होऊन आमच्याकडे राशीन, मिरजगाव, जामखेडच्या रस्त्यांना लागल्या. माणसं टपावर, मागे लटकलेली, शेळी पायाशी. आणि बंद पडलीच, तर ड्रायव्हर सीटखालून पाना काढायचा, बॉनेट उघडायचा, कुणाच्या तरी धोतराचा धागा किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा मागायचा आणि गाडी पुढे निघायची. लढाईसाठी आखलेल्या यंत्राचा हा गुण खेड्याला फुकटात मिळाला. दवाखान्यात पोचलेली कितीतरी बाळंतपणं त्या गुणावर तरून गेली.

नगरचं आणि आपल्या दाराशी उभ्या वाहनाचं नातं आणखी एका ठिकाणी जुळतं. नगरजवळ वाहननगरला डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्था आहे, लष्करी वाहनं घडवणारी आणि तपासणारी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १२६ व्या नियमात वाहनांना मान्यता देणाऱ्या ज्या थोड्या संस्थांची नावं आहेत, त्यांत पुण्याच्या एआरएआयच्या जोडीला हिचंही नाव आहे. म्हणजे टँकच्या गावात तपासलेली स्कूटर किंवा टेम्पो देशात कुठंही कुणाच्या दारात उभा असू शकतो. मला या गोष्टीचा अभिमान आहे.

पण तात्या ज्याच्यापाशी टोपी काढून उभे राहिले असते, तो टँक वेगळा. १९७१ च्या डिसेंबरात बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल लढले. जन्म पुण्याचा, वय २१. त्यांच्या सेंच्युरियनचं नाव ‘फामागुस्ता’. टँकला आग लागली, बाहेर पडण्याचा हुकूम वायरलेसवर आला, तेव्हा माझी तोफ अजून चालू आहे, मी टँक सोडणार नाही, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. १६ डिसेंबरला ते गेले. फामागुस्ता पुढे दुरुस्त करण्यात आला आणि नगरच्या आर्मर्ड कोर सेंटरमध्ये जपून ठेवला आहे. तात्या सांगायचे, फौजेत जखमी टँक टाकून द्यायचा नसतो. रात्रीत ओढून आणायचा, कंदील झाकून उघडायचा, जमेल ते तिथंच करायचं, नाही जमलं तर मागच्या वर्कशॉपला पाठवायचा. अंधारात, चिखलात, थरथरत्या हातांना उघडता येईल असंच यंत्र आखायचं, हा तिथला पहिला धडा.

हा धडा घरातल्या वस्तूंमध्येही होता. २००३ साली आलेला नोकिया ११०० आठवा. धूळ शिरू नये म्हणून एकसंध रबरी बटणं, हातातून निसटू नये अशी खरबरीत बाजू आणि डोक्यावर बॅटरी. रात्री बारानंतर लाइट येणार, मोटर चालू करायची, दारं मोडायची, उसाच्या कडेला बिबट्याची भीती. अशा वेळी त्या इवल्याशा उजेडानं आमच्या तालुक्याला सोबत केली. जगभर पंचवीस कोटींच्या वर खपला तो फोन. मागचं झाकण अंगठ्यानं सरकायचं, सेल काढून धोतराला पुसून परत बसवला की चालू. कुकडी कालव्याच्या चारीत पडलेला एक फोन आम्ही ज्वारीच्या कणगीत दोन दिवस ठेवून परत बोलता केला होता.

आता माझ्या हातात त्याच्या शंभरपट हुशार यंत्र आहे. उपग्रहावरून जागा दाखवणारी जीपीएस यंत्रणा अमेरिकेनं आपल्या फौजेसाठी उभारली. २ मे २००० पर्यंत सामान्य माणसाला ती मुद्दाम बिघडवलेली दिली जायची, शंभर मीटरपर्यंतची चूक घालून. ती चूक काढून टाकली आणि आज शेतातला बांधही नकाशावर दिसतो. रडारच्या नळीतून मायक्रोवेव्ह शेगडी आली, टेहळणीच्या ड्रोनचा भाऊ दहा लिटरची टाकी घेऊन उसावर फवारणी करतो. या सगळ्यावर माझा जीव आहे. मी यंत्राचा वैरी नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या फोनची बॅटरी फुगली. पाठ उचलली गेली, काच तडकायला आली. कंपनीच्या यादीत ‘कर्जत’ इथं सेवा केंद्र दिसलं, म्हणून हायसं वाटलं. फोन लावला तर ते रायगडातलं कर्जत निघालं, आमच्यापासून दोनशे किलोमीटरच्या वर. आमच्या कर्जतला ना रेल्वे, ना असलं केंद्र. शेवटी पुण्याला गेलो. तिथल्या काउंटरवर सांगितलं की पाठ चिकटवलेली आहे, उघडताना काच फुटली तर जबाबदारी तुमची, आणि या मॉडेलचा सेल येणं बंद झालंय, नवा घ्या. फोन तीन वर्षांचा होता. परतताना मी तो कर्जतला बस स्टँडजवळच्या एका पोराकडे दिला. त्यानं हीट गननं कडा तापवल्या, गिटार वाजवायची पातळ चकती फटीत सरकवली, पाऊण तासात दुसरा सेल बसवला आणि वर डिस्प्लेची पट्टीही घट्ट करून दिली. त्याचे हात चालताना मला सारखे तात्या दिसत होते.

पाणी शिरू नये आणि फोन सडपातळ व्हावा म्हणून चिकटवतात, हे कारण मला मान्य आहे. पण पाण्यातून, वाळूतून, बर्फातून जाणारं लष्करी सामान रबरी वायसर आणि स्क्रूवर वर्षानुवर्षं टिकतं. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं. तीन वर्षांत सेल मिळेनासा करायचा, हा कुणीतरी घेतलेला निर्णय आहे आणि तो चुकीचा आहे. शेतकऱ्याच्या घरात दहा-बारा हजारांचा फोन म्हणजे कांद्याचे चार पैसे, एखाद्या पोरीची फी. तो अंगावरच्या कपड्यासारखा बदलता येत नाही.

सरकारनं या दिशेनं पावलं टाकली आहेत. ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचं संकेतस्थळ सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल व टॅब, घरगुती उपकरणं आणि वाहनं असे चार विषय त्यात घेतले. फ्रान्समध्ये २०२१ साली काही विजेच्या उपकरणांवर दुरुस्तीचे गुण दाखवणं सक्तीचं झालं, दहापैकी किती ते. आपल्याकडेही तसे गुण दुकानातल्या खोक्यावर, किमतीच्या शेजारी, मराठीत छापलेले मला बघायचे आहेत.

तात्या आता नाहीत. त्यांची लोखंडी पेटी माझ्या खोलीत आहे, जवान घड्याळ रोज सकाळी चावी दिली की चालतं. पुढच्या वेळी तुम्ही मोबाइल, मिक्सर किंवा मोटर घ्यायला दुकानात जाल, तेव्हा भाव करण्याआधी दुकानदाराला दोन गोष्टी विचारा. याचा सेल किंवा सुटा भाग किती वर्षं मिळेल, आणि हे आपल्या गावात कोण उघडू शकेल? उत्तर बिलावर लिहून मागा. दहा जणांनी मागितलं तर तो खांदे उडवील, हजार जणांनी मागितलं तर त्याला कंपनीला विचारावंच लागेल.