अर्धी फाईल

आम्हां संगणकवाल्यांचा व्यवसाय पुष्कळसा शिंप्यासारखा आहे. बाह्या, कॉलर, पाठ असे तुकडे आधी निरनिराळे बेतायचे आणि शेवटी एकत्र शिवायचे. आमच्या प्रोग्रामचेही तुकडे असतात. ते जोडून चालता प्रोग्राम तयार करणाऱ्या साधनाला 'लिंकर' म्हणतात. कोणते काम नव्याने करायचे, हे ठरविणारा मुकादम म्हणजे 'मेक'. स्टुअर्ट फेल्डमन यांनी तो १९७६ साली बेल लॅब्समध्ये लिहिला. त्याची रीत साधी: तयार फाईलीची वेळ तुकड्यांच्या वेळेनंतरची असली, की काम झाले! फाईल उघडून तो काही पाहत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या हाताखालच्या एका तरुणाने दुरुस्ती केली, दुपारी तपासलीही. संध्याकाळी केवळ आवृत्तीचा क्रमांक बदलून त्याने पुन्हा जोडणी केली. नेमकी डिस्क भरली आणि जोडणी मध्येच फसली. काही लिंकर अशा वेळी अर्धी फाईल स्वतःच पुसतात. आमच्या जुन्या लिंकरने ती तशीच टाकली. तिच्यावर वेळ मात्र त्याच क्षणाची! डिस्कवर जागा करून त्याने पुन्हा मेक चालविला, तेव्हा उत्तर आले: सर्व अद्ययावत आहे.

सकाळी ग्राहकासमोर प्रोग्राम सुरू होताच कोसळला. आम्ही चारचौघांत त्याच्यावर कडाडलो, "न तपासताच घरी गेलास ना?"

"सर, तपासलं होतं," एवढेच तो बोलला. त्याचे डोळे भरून आले होते.

दुपारी शांतपणे शोध घेतला, तेव्हा ती अर्धी फाईल सापडली. मेकला सूचना देणारी 'मेकफाईल' आमच्याच हातची होती. मेक चालू असताना आपण त्याला मध्येच थांबविले, तर तो अर्धी फाईल स्वतः पुसतो; पण एखादी आज्ञा नापास झाली, तर जुन्या प्रथेनुसार तिला हात लावत नाही. ग्नू मेकमध्ये 'डिलीट ऑन एरर' एवढी एक ओळ लिहिली, की तो तीही पुसतो. ती ओळ आम्ही लिहिली नव्हती.

त्याच दिवशी ती लिहिली. शिवाय जोडणी तात्पुरत्या नावाच्या फाईलीत करावी आणि ती यशस्वी झाल्यावरच खरे नाव द्यावे, असा नियम केला. एकाच डिस्कवर नाव बदलणे हे एका फटक्यात होते. अर्धे नाव असा प्रकार तिथे नसतो.

मग ज्या चौघांसमोर बोललो होतो, त्यांच्याच समोर आम्ही त्याची क्षमा मागितली. वरची ताजी वेळ पाहून मुकादम फसला, हे समजण्यासारखे आहे. तो बिचारा यंत्र. आम्ही मात्र माणूस असून, आत न डोकावता निकाल दिला होता.