२५४ अधिक २

वायफायचा राऊटर, कोणी ऐकत असो वा नसो, सेकंदाला साधारण दहा वेळा स्वतःची ओळख हवेत सांगत असतो. या संदेशाला बीकन म्हणतात. त्याच्या पोटात एकामागून एक तुकडे असतात आणि प्रत्येकाची मांडणी सारखीच: पहिला बाइट तुकड्याचा क्रमांक, दुसरा त्याची लांबी, मग मजकूर. क्रमांक ० म्हणजे नेटवर्कचं नाव, १ म्हणजे झेपणारे वेग, २२१ म्हणजे कंपन्यांना आपापल्या सोयीसाठी मोकळी ठेवलेली जागा. लांबीला बाइट एकच, त्यामुळे ती २५५ च्या वर जात नाही. माझं पोट या दुसऱ्या बाइटवर चालतं.

मी लासलगावात घरी बसून वायफायचे ड्रायव्हर दुरुस्त करतो. काका कांद्याचे व्यापारी. बाजार समितीत लिलावात भाव पुकारला की ट्रॅक्टर भुईकाट्यावर जातो, भरलेल्या ट्रॉलीचं वजन होतं, खळ्यावर माल ओतला की रिकामीचं होतं, आणि हिशेब त्या फरकावर. शेतकऱ्याने तोंडाने किती क्विंटल सांगितले, ते काटा ऐकत नाही. सी भाषेत लिहिलेला ड्रायव्हर मात्र नेमकं तेच ऐकतो. तुकडा म्हणाला ‘मी २०० बाइटचा’, की मेमकॉपी हे फंक्शन निमूटपणे २०० बाइट उचलून ठेवतं. ठेवायची जागा १४ बाइटची असली तरी. उरलेले बाइट शेजारच्या मेमरीवर सांडतात. तिथे कधी निरुपयोगी आकडा असतो, तर कधी पुढे कोणतं फंक्शन चालवायचं त्याचा पत्ता. तो पत्ता बाहेरच्या माणसाला आपल्या मर्जीने लिहिता आला, की यंत्र त्याचं झालं.

काकांना हे एकदा समजावून सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे इतकी वर्षं न मोजताच घेत होते का रे?”

घेत होते. आणि १४ हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. मार्व्हेलच्या वायफाय चिपांसाठीचा एमवायफायएक्स हा ड्रायव्हर २०११ मध्ये लिनक्सच्या गाभ्यासाठी, म्हणजे कर्नलसाठी, आला. मायक्रोसॉफ्टच्या सरफेस संगणकांत त्या चिपा होत्या. देखभाल करणाऱ्यांच्या यादीत निशांत सरमुकादम, अमितकुमार कारवार ही नावं पाहून मला उगाचच बरं वाटलं होतं. २०१९ च्या मे महिन्यात एका चिनी संशोधकाला दिसलं की हा ड्रायव्हर वेगांचा तुकडा १४ बाइटच्या जागेत न मोजता ओततो. सुझे कंपनीच्या ताकाशी इवाई यांनी दुरुस्ती केली: लांबी जागेपेक्षा जास्त असेल तर चूक म्हणून परत फिरा. एवढंच. वाचणाऱ्याला वाटतं, यात कसलं आलंय कसब?

कसब त्यानंतरच्या महिन्यात दिसतं. लांबी जास्त असू नये, तशी कमीही असू नये, कारण नसलेला मजकूर वाचायला गेलं तरी आपण तुकड्याबाहेर पडतोच. म्हणून जूनमध्ये इवाईंनीच दुसरी तपासणी घातली: तुकडा अपेक्षेपेक्षा आखूड असेल तर काम थांबवा. यावर कर्नलवर काम करणाऱ्या ब्रायन नॉरिस यांनी हरकत घेतली. कंपन्यांसाठीच्या २२१ क्रमांकाच्या तुकड्यात प्रमाणसंहितेप्रमाणे कंपनीची ओळख सांगणारे तीन बाइट पुरतात. पुढची रकान्यांची मांडणी ही फक्त वहिवाट. तीन बाइटचा तुकडा दिसताच थांबायचं ठरवलं, तर नियमाने वागणाऱ्या राऊटरशी जोडणीच होणार नाही. त्यांच्या दुरुस्तीने, म्हणजे पॅचने, तीनपेक्षा कमी असेल तरच नकार ठेवला. बाकी आखूड तुकडे नुसते ओलांडून पुढे जायचं. काकांच्या खळ्यावर याला वांधा म्हणतात. वरचा माल पाहून भाव लागला आणि खाली खराब निघाला, तर तेवढा बाजूला काढायचा की ट्रॉलीच परत लावायची? मोजणं काटा करतो, हा निर्णय काटा करत नाही. माझा बहुतेक वेळ यातच जातो. तपासणीची ओळ दोन मिनिटांत लिहून होते. तिच्यात ‘थांबा’ लिहायचं की ‘पुढे चला’, हे ठरवण्यासाठी संहितेची पानं आणि बाजारातले जुने, चमत्कारिक राऊटर दोन्ही माहीत असावे लागतात.

अर्थात मोजण्यातही फसगत होते. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये डार्मस्टाटच्या तंत्रविद्यापीठातल्या झ्योन्के हुस्टर यांनी शोधलेले वायफायचे दोष जाहीर झाले, ते खुद्द लिनक्सच्या सामायिक भागातले. एका ठिकाणी लांबीत क्रमांकाचा आणि लांबीचा असे २ बाइट मिळवून बेरीज ठेवली होती, आणि ती ठेवायला जागा पुन्हा एका बाइटची. २५४ अधिक २ म्हणजे २५६. एका बाइटमध्ये त्याचं शून्य होतं. मग पुढचा हिशेब २५६ बाइटने चुकतो आणि तेवढं जास्तीचं उचललं जातं. २०१९ पासून हे तसंच होतं. इथे तर जोडणीही लागत नाही. आसपास कोणती नेटवर्क आहेत हे यंत्राने नुसतं ऐकलं तरी पुरे. योहानेस बेर्ग यांनी चल राशीचा प्रकार रुंद केला. शेकडो लोकांच्या नजरेखालून गेलेल्या ओळीतला एक शब्द बदलला.

असे दोष डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून मी कर्नल केसॅन चालू ठेवून बांधतो. २०१५ पासून कर्नलमध्ये असलेलं हे साधन मेमरीच्या दर आठ बाइटमागे एक बाइट पहाऱ्यावर ठेवतं आणि पाऊल हद्दीबाहेर पडताच ओरडतं. त्याने कर्नल संथ होतं, पण मला घाई नसते. रेडिओही लागत नाही: कर्नलमध्येच खोटे रेडिओ तयार करता येतात, एकाने वाकडेतिकडे बीकन पाठवायचे, दुसऱ्याने ऐकायचे. लासलगावसारख्या ठिकाणी, जिथे एखादं वायफाय कार्ड हवं तर नाशिक गाठावं लागतं, ही फार मोठी सोय आहे. वीज गेली तर मात्र काही खरं नाही.

आता रस्ट ही प्रोग्रामिंगची भाषा आली आहे. २०२२ च्या डिसेंबरमधल्या ६.१ आवृत्तीपासून कर्नलमध्ये तिला दार उघडलं. काही तरुण मित्र मला गमतीने सांगतात, तुझा धंदा बसणार. रस्टमध्ये २५४ अधिक २ ची ती बेरीज तशीच लिहिली तर शेजारच्या मेमरीवर काही सांडणार नाही, हे खरं. पण एरवीच्या मांडणीत बेरीज मावली नाही की कर्नल तिथेच थांबेल, म्हणजे एका बीकनने समोरचं यंत्र बंद पाडता येईल. चोरीपेक्षा बंद दुकान परवडलं, हे मी मान्य करतो. तरी त्या बीकनचं काय करायचं ते कोणीतरी लिहायचं राहतंच. या आठवड्यात माझ्यासमोर असाच एक अर्धवट तुकडा आहे, शेवटचे दोन बाइट नसलेला. मी तेवढाच गाळून बाकीचा बीकन ठेवला, कारण पॅचच्या वर लिहिलं आणि पाठवून दिलं. परीक्षकाला ते पटलेलं नाही. त्यांच्या मते सगळाच फेकावा. उद्या सकाळी त्यांना उत्तर लिहायचं आहे.