जयनगर ते लेह: दोघं, एक बाइक
जयनगरच्या फोर्थ ब्लॉकमध्ये डोसा खाता खाता तुम्ही दोघांनी ठरवलं, यंदा बाइकने लेहला जायचं. छान! हैदराबाद, नागपूर, आग्रा, दिल्ली करत मनालीपर्यंत हायवेच आहे. पाठ दुखेल, एवढंच. खरी परीक्षा त्यापुढे.

2020 मध्ये अटल बोगदा सुरू झाला आणि रोहतांग खिंडीचा वळसा वाचला. नऊ किलोमीटरचा बोगदा, बाहेर पडलात की लाहौल! मग वाटतं, आजच सरचू गाठू. इथेच फसायला होतं. मनाली साधारण 2,000 मीटरवर, सरचू सुमारे 4,300 वर, आणि वाटेतली बारालाचा ला खिंड त्याहूनही उंच. रस्ता सोपा झाला, पण तुमची फुप्फुसं जयनगरचीच, 900 मीटरवरची. अलीकडे जिस्पाला थांबा. दोन रात्री राहिलात तर उत्तमच.

त्याआधी तांडीला टाकी काठोकाठ भरा. तिथली पाटी बाइकवाल्यांत प्रसिद्ध आहे: पुढचा पंप 365 किलोमीटरवर. 13 लिटरची टाकी, दोन माणसं, सामान, चढ. लिटरला 30 मिळाले तरी हिशेब 390 वर संपतो. जादा पेट्रोल सोबत हवंच.

आणि निघण्याआधीच एक ठरवून टाका. डोकं ठणकतंय, मळमळतंय, तरी मागे बसलेलं माणूस बोलत नाही. एवढ्या लांब आलोय, बेत कशाला मोडायचा! म्हणून दोघांपैकी कुणीही "खाली उतरू" म्हटलं की गाडी वळवायची. भांडण काय ते जिस्पाला, चहा घेताना.