धुराड्याच्या दर्जा

मंडळी, धुराडं ही काही लिहायची गोष्ट आहे का, असं वाटेल तुम्हाला. पण गेला महिनाभर आमच्या आटपाडीच्या घरात दुसरा विषयच नव्हता.

घर औंध संस्थानाच्या काळातलं. (आटपाडी १९४८ पर्यंत औंधातच होती.) वर पांढऱ्या मातीचं माळवद आणि स्वयंपाकघराच्या भिंतीतून वर गेलेलं भाजक्या विटांचं धुराडं. गॅस आहे, पण वहिनींची भाकरी चुलीवरच होते. यंदा माळ्यावरच्या ज्वारीच्या पोत्यांना धुराचा वास यायला लागला. पुतण्या म्हणाला, "काका, पाडून टाकू." वहिनी काही बोलल्या नाहीत. दोन दिवस भाकऱ्या मात्र करपल्या!

प्रश्न नुसत्या वासाचा नव्हता. धुराड्याला लागून सागवानी तुळई जाते. इतक्या वर्षांचं वाळलेलं लाकूड, फटीतून एक ठिणगी पुरे. शिवाय धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. माळ्याखालीच नातवंडं झोपतात.

गावातल्या म्हाताऱ्या गवंड्याने रात्री धुराड्यात वरून वायरीला बांधून बल्ब सोडला आणि आम्हाला अंधाऱ्या माळ्यावर उभं केलं. बल्ब खाली जाईल तशा भिंतीत उजेडाच्या रेघा उमटत गेल्या. तुळईजवळ तर बोटभर!

दहा-बारा वर्षांपूर्वी कुणीतरी आतून सिमेंट थापलं होतं. ते जागच्या जागी टणक होतं, पण मागची वीट पापुद्र्यांनी सुटलेली. गवंडी म्हणाला, "गुरुजी, इटंपरास दर्जा कडक झाल्या की इट मरती." अगदी खरं. जुनी वीट मऊ. तापली की फुगते, निवली की आकसते, ओल घेते आणि सोडते. चुना ते सगळं सोसतो. सिमेंट ओल कोंडून धरतं, मग काजळीतलं आम्ल आणि ती ओल मिळून विटेलाच खातात.

कळीचा चुना पंधरा दिवस आधी विरी घातला. (मुलांना लांब ठेवा, पाणी उकळतं आणि शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जातो.) काजळी झाडली, सिमेंट हलक्या हाताने सोडवलं, दर्जा इंचभर खरवडल्या, विटा ओल्या केल्या आणि चुना, वाळू, विटेची सुरकी यांनी भरल्या. वर आठवडाभर ओली गोणपाटं. चुलीच्या तोंडाशी मात्र चुना नाही. तिथे पांढरी माती, भुसा आणि शेण.

चुना वाळून घट्ट होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होतो. शास्त्राचे गुरुजी रजेवर असले की मी मराठीवाला त्यांचा तास घ्यायचो, तेव्हा चुन्याच्या निवळीत फुंकर मारून ती दुधाळ करून दाखवत असे. तीच ही क्रिया. पण सावकाश, म्हणून पहिले काही दिवस जाळ बारीकच ठेवायचा. वहिनींना हे पटवणं सगळ्यात अवघड गेलं.

परवा ओला कडबा पेटवून वरचं तोंड क्षणभर झाकलं. माळ्यावर धूर नाही. पुतण्या तुळईवर हात फिरवून आला, बोलला काही नाही.

वरच्या दोन हातांतल्या विटा अजून बदलायच्या आहेत. जुन्या मापाच्या, मऊ भाजणीच्या हव्यात. कुणाच्या पाडलेल्या वाड्यात निघाल्या तर कळवा, पुतण्या टेंपो घेऊन येईल.