कोंभाळण्यातील बियाण्यांची शाळा

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुका म्हणजे सह्याद्रीच्या कुशीतील डोंगराळ प्रदेश. भात, नाचणी आणि वरई ही येथील पावसावर येणारी पिके. याच तालुक्यातील कोंभाळणे हे छोटेसे गाव राहीबाई पोपेरे यांच्या गावठी बियाण्यांच्या बँकेमुळे सर्वदूर परिचित झाले आहे. वाल, घेवडा, भात आणि भाज्यांचे बी येथे राख लावून मातीच्या मडक्यांत जपले जाते. या कार्यासाठी राहीबाईंना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

स्वतः कधी शाळेत न गेलेल्या राहीबाईंकडे आज विद्यार्थी शिकण्यासाठी येतात. कोणते बी केव्हा पेरावे, कोणती शेंग बियाण्यासाठी वेलीवरच वाळू द्यावी, हे ज्ञान त्यांना वडीलधाऱ्यांकडून आणि शेतातील कष्टांतून लाभले.

आहाराच्या दृष्टीनेही या पिकांचे मोल मोठे आहे. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. तेवढ्याच पॉलिश केलेल्या तांदळात ते अत्यल्प असते. वाढत्या वयाच्या नातवंडांना आणि हाडे ठिसूळ होऊ लागलेल्या आजीला ती सारखीच उपयुक्त आहे. मात्र मधुमेहींनी नाचणीची भाकरी मोजूनच खावी आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आहारात बदल करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

प्रधानमंत्री पोषण योजनेत शालेय परसबागेला स्थान आहे. शाळेजवळ जागा असते, मुलांकडे उत्साह असतो. अनुभव मात्र बहुधा घरातील ज्येष्ठांकडे असतो. तो सांगण्याची संधी मिळाली नाही, तर त्यांच्याबरोबरच तो लोप पावतो. शिवाय आपला कोणाला उपयोग उरला नाही, ही भावना वृद्धांना आतून खचवते. मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देताना त्यांच्या बोलण्यात पुन्हा उभारी येऊ शकते.

म्हणून घरातील ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांना एक विनंती. जवळच्या शाळेत विचारून पाहा. सकाळच्या कोवळ्या उन्हात अर्धा तास पुरेसा आहे. न्याहारी आणि औषधे वेळेवर द्या; सावलीत पाठ टेकता येईल अशी खुर्ची, पाण्याची बाटली आणि आधाराची काठी जवळ ठेवा. जमीन ओली वा उंचसखल असेल, तर वाफ्यात न उतरता कडेला बसूनच त्यांना सांगू द्या. पेरणी मुले करतील; मूठभर वालाचे बी आणि त्यामागची माहिती आजोबांनी द्यावी.