रेंजफाइंडर आणि खानदेशचे ऊन

रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या खिडकीतून पाहिले की सगळेच स्पष्ट दिसते: समोरचा माणूस, त्याच्यामागचे दुकान, दूरचे निंबाचे झाड. यातले फिल्मवर काय रेखीव उमटणार आणि काय पुसट, ते त्या खिडकीतून कळत नाही. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधून आलेले दृश्यच डोळ्यापर्यंत पोहोचते. रेंजफाइंडरमध्ये पाहण्याची वाट वेगळी आणि फिल्मवर प्रकाश पडण्याची वाट वेगळी. त्यामुळे अंतर किती, प्रकाश किती आणि चौकटीत काय घ्यायचे, हे तिन्ही निर्णय शिकणाऱ्याला कळ दाबण्याआधी स्वतःच करावे लागतात. जळगाव-धुळ्याच्या मुलखात ही शिकवणी विशेष चांगली होते, कारण पावसाळा सोडला तर इथले ऊन सहसा फसवत नाही. काल अकरा वाजता जेवढे होते, तेवढेच ते आजही असते.

रचना साधी आहे. कॅमेऱ्याच्या वरच्या भागात एकमेकींपासून काही अंतरावर दोन खिडक्या असतात. एकीतून सरळ दृश्य दिसते. दुसरीतून आलेली प्रतिमा आरशाने किंवा लोलकाने वळवून पहिल्या दृश्याच्या मधोमध एका फिकट ठिपक्यात पाडलेली असते. लेन्सची कडी फिरवली की ठिपक्यातली प्रतिमा सरकते आणि दोन्ही प्रतिमा एकजीव झाल्या की फोकस बसला. खिडक्यांमधले अंतर जितके जास्त, तितके मापन नेमके. सोव्हिएत कॅमेऱ्यांपैकी फेड-२ मध्ये ते ६७ मिलिमीटर आहे, झॉर्की-४ मध्ये ३८. लेन्सला जोडलेला रेंजफाइंडर कोडॅकने १९१६ मध्येच एका कॅमेऱ्यात बसवला होता. पण ३५ मिलिमीटर फिल्मवर तो रुळला १९३२ मध्ये, लायका-२ आणि काँटॅक्स हे दोन जर्मन कॅमेरे आले तेव्हा. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ १९४७-४८ मध्ये भारतात हिंडला आणि गांधीजींचे अखेरचे दिवस व त्यांची अंत्ययात्रा त्याने टिपली, ती लायकावर.

ठिपका जुळवायला उभी, ठळक कड लागते: दाराची चौकट, खांब, टोपीची किनार. एकसारख्या उभ्या रेघांची रांग असेल तर तो चकवतो. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत एका खोडाची प्रतिमा शेजारच्या खोडावर जाऊन बसते आणि फोकस बसला असे वाटते. अशा ठिकाणी खोडाशी उभ्या असलेल्या माणसावर फोकस घ्यावा, नाही तर अंतर अदमासानेच लावावे.

जुना कॅमेरा विकत घेताना नाव पाहण्यापेक्षा प्रकृती पाहावी. फेड आणि झॉर्की पूर्ण यांत्रिक आहेत, त्यांना बॅटरी लागत नाही. याशिका इलेक्ट्रो ३५ (१९६६) सुंदर कॅमेरा, पण त्याचा शटर विजेवर चालतो आणि मूळची पाऱ्याची बॅटरी आता बनत नाही. वेगळी बॅटरी पट्टी घालून बसवावी लागते. शिकण्यासाठी यांत्रिकच बरा. मागचे झाकण काढून शटरचा कापडी पडदा दिव्यासमोर धरावा. टाचणीच्या टोकाएवढे छिद्र असले तरी प्रत्येक फोटोवर पांढरा डाग येतो. अशी छिद्रे बहुधा उन्हानेच पडतात: लेन्स उघडी ठेवून कॅमेरा सूर्याकडे राहिला की भिंगातून एकवटलेले ऊन पडदा जाळते. खानदेशात म्हणून लेन्सला झाकण लावण्याची सवय पहिल्या दिवसापासून हवी. पण खिडकीतून लेन्स दिसत नसल्याने झाकण तसेच राहून अख्खा रोल कोरा जाऊ शकतो. तेव्हा झाकण काढून खिशात टाकल्याशिवाय कॅमेरा डोळ्याला लावायचा नाही, हीही सवय तितकीच हवी. झॉर्कीत शटरचा वेग नेहमी फिल्म पुढे ओढल्यानंतरच बदलावा, नाही तर आतली यंत्रणा बिघडते. रेंजफाइंडर खरा आहे का, हे तपासायला दूरची वस्तू पाहावी. धुळ्याजवळ आग्रा रोडवरून लळिंगच्या किल्ल्याची कड पाहिली आणि लेन्स अनंतावर असताना दोन्ही प्रतिमा जुळल्या, तर दूरचे माप बरोबर. जवळचे माप टेपने एक मीटर मोजून पाहावे.

आता प्रकाश. जुन्या कॅमेऱ्यात प्रकाशमापक नसतो, असला तर त्याचा सेलेनियम सेल बहुधा थकलेला असतो. मापकाची उणीव भासू नये इतका भरवशाचा नियम असा: सावली धारदार पडत असेल तर ॲपर्चर एफ १६ आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओइतका. १०० च्या रोलला १/१२५, ४०० च्या रोलला १/५००. फेड-२ चा सर्वांत जलद वेगच १/५००, त्यामुळे उन्हात ४०० चा रोल भरला की एफ १६ हून ॲपर्चर मोठे उघडता येत नाही; दिवसा हिंडायचे तर १०० चाच रोल बरा. मोकळ्या सावलीत एफ ५.६ लागतो. धुळे शहर ब्रिटिश अमदानीच्या सुरुवातीला कॅप्टन ब्रिग्ज यांनी आखून वसवले. तिथल्या सरळ, क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांमध्ये अर्धा रस्ता उन्हात आणि अर्धा सावलीत असतो. दोहोंत ॲपर्चरच्या तीन पायऱ्यांचा फरक. माणूस कुठल्या अर्ध्यात आहे ते पाहून आधीच कडी फिरवून ठेवणे, हा त्या गल्ल्यांत रोज करता येण्याजोगा उत्तम सराव आहे. शंका आली तर प्रकाश थोडा जास्त द्यावा. निगेटिव्ह फिल्म जास्तीचा प्रकाश सोसते, कमी प्रकाश मात्र ती सोसत नाही. सावलीतला तपशील एकदा गेला की गेला.

मेच्या अखेरीस दुपारी जळगावात सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात, नाकाखाली काळा डाग पडतो. त्या वेळी चेहरे उन्हात टिपू नयेत. माणसाला ओट्यावर, पडवीत, ताडपत्रीखाली घ्यावे, जिथे समोरच्या तापलेल्या जमिनीवरून उसळलेला प्रकाश चेहरा भरून काढतो. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य पंचेचाळीस अंशांच्या आसपासच असतो, म्हणून हिवाळ्यातल्या भरीत पार्ट्यांचे दिवस शिकणाऱ्याला सर्वांत उदार. पिवळा फिल्टरही असाच ऋतू पाहून लावावा. उन्हाळ्यात आकाश धुळीने पांढरे झालेले असते, तिथे तो काही करत नाही. पाऊस सरल्यावर निळे आकाश गडद करून ढग उठवतो. तो लावला की एक पायरी जास्त प्रकाश द्यायचा, हे लक्षात ठेवावे लागते, कारण खिडकीला त्याचा पत्ता नसतो.

अंतराचा अदमास हा या कॅमेऱ्याचा खरा अभ्यास आहे. ५० मिलिमीटर लेन्स एफ १६ वर पाच मीटरला लावली, तर सुमारे अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे रेखीव येते. ठिपका जुळवायची गरजच नाही. एफ ८ वर तीन मीटरला लावली तर सव्वादोन ते चार मीटरचा पट्टा मिळतो. कार्तिकी एकादशीच्या जळगावच्या रथोत्सवात हे गणित कामाला येते. रथ गर्दीतून येतो, चाकाशी वाकून मोगरी (रथ आवरणारी लाकडी पाचर) लावणारे क्षणात पुढे होतात आणि मागे सरतात. तिथे ठिपका जुळवत बसले तर क्षण निघून जातो. कॅमेरा तीन मीटरला लावून ठेवावा आणि स्वतःच पुढेमागे होऊन ते अंतर राखावे. सराव घरीही होतो: बाजेची लांबी, दारापासून चुलीपर्यंतचे अंतर आधी मनाने सांगायचे, मग टेपने मोजायचे. अंधाऱ्या दुकानात एफ २ वर काम करताना मात्र ठिपक्याला पर्याय नाही, कारण दीड मीटरवर रेखीव पट्टा जेमतेम दहा सेंटिमीटरचा असतो; डोळ्यावर फोकस घ्यावा आणि श्वास रोखून कळ दाबावी.

या कॅमेऱ्याची मर्यादाही खानदेशातच नीट समजते. चाळीसगावचे कलामहर्षी केकी मूस (१९१२–१९८९) यांचे नाव झाले ते टेबलटॉप छायाचित्रणासाठी: घरातल्या किरकोळ वस्तू टेबलावर मांडायच्या, प्रकाश असा पाडायचा की त्यातून एखादा विस्तीर्ण देखावा उभा राहील. इंग्लंडमध्ये कला शिकून आलेला हा पारशी कलावंत आयुष्याची कित्येक दशके आपल्या बंगल्यात एकांतात राहिला. असे काम रेंजफाइंडरवर होत नाही. साधारण एक मीटरच्या आत तो फोकस घेऊ शकत नाही आणि जवळच्या वस्तूसाठी खिडकी एक चौकट दाखवते, लेन्स दुसरी पकडते. तरीही शिकणाऱ्याने चाळीसगावला जाऊन मूस यांची चित्रे पाहावीत. काय टिपायचे ते कॅमेऱ्याला हात लावण्याआधी ठरवणे म्हणजे काय, याचा इतका स्पष्ट पुरावा आसपास दुसरा नाही.

फिल्मचा शत्रू उष्णता. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल आता इतिहासजमा झाला. आजचा रोल परदेशातून येतो आणि महाग पडतो. तो फ्रिजमध्ये ठेवावा, वापरण्याआधी काही तास बाहेर काढावा, म्हणजे त्यावर दव धरत नाही. मोटारसायकलच्या डिकीत उन्हाळ्यात रोल ठेवणे म्हणजे तो खराब करणे.

कृष्णधवल रोल घरी धुता येतो आणि धुवावाच. इलफोर्ड एचपी-५ ला आयडी-११ डेव्हलपरमध्ये २० अंशांवर साडेसात मिनिटे लागतात. मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचे पाणी त्याहून कितीतरी गरम असते. तेव्हा डेव्हलपर, मधले पाणी आणि हायपो (फिक्सर), तिन्ही बाटल्या बर्फाच्या पाण्याच्या घमेल्यात उभ्या करून एकाच तापमानाला आणाव्यात. २४ अंशांवर वेळ पाच मिनिटांच्या आसपास येतो. त्याहून गरम नको, कारण वेळ कमी झाला की फिल्म असमान धुतली जाते. एका भांड्यातून दुसऱ्यात जाताना तापमान एकदम बदलले तर फिल्मवरच्या थराला बारीक सुरकुत्या पडतात. रोल रिळावर चढवायचे काम रात्री करावे. दिवसा काळ्या पिशवीत हात घामेजतात आणि फिल्म चिकटते. बोअरचे पाणी जड असते, त्याचे पांढरे ठिपके वाळल्यावर निगेटिव्हवर राहतात. म्हणून शेवटची विसळणी पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या बॅटरीच्या (डिस्टिल्ड) पाण्यात करावी. वाळत घालण्यासाठी न्हाणीघर उत्तम: आधी गरम पाणी सोडून वाफेने धूळ खाली बसू द्यावी, दार लावून घ्यावे, मग फिल्म टांगावी.

वाळल्यावर सहा-सहा चौकटींच्या पट्ट्या कापून सगळ्यांचा एकत्र कॉन्टॅक्ट प्रिंट काढावा. चांगला फोटो शोधण्याआधी त्यात चुकलेला फोकस शोधावा: मनातले तीन मीटर प्रत्यक्षात किती होते, सावलीत प्रकाश पुरला का. यासाठी फोटो काढतानाच वहीत ॲपर्चर, वेग आणि अंतर लिहिलेले हवे. पट्ट्या पाकिटांत घालून पाकिटावर गाव आणि तारीख टाकावी आणि सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. खानदेशची कोरडी हवा कोकणापेक्षा या कामाला कितीतरी अनुकूल, पण श्रावणात इथेही लेन्सवर बुरशी धरते. कॅमेरा त्या महिन्यांत चामड्याच्या कव्हरात कोंडून ठेवू नये, हवेशीर जागी ठेवावा आणि अधूनमधून वापरावा.